उघाडीची फळी

माझी सासू भित्री होती. हे मी चिडून सांगत नाही. म्हणजे चिडूनच सांगतेय, पण खोटं सांगत नाही. पालीला घाबरायची, इंजेक्शनला घाबरायची, खाकी कपड्यातल्या कुठल्याही माणसाला घाबरायची. बसमध्ये तिकीट हातात घट्ट धरलेलं असायचं, तरी कंडक्टर जवळ आला की हिचा चेहरा उतरायचा. माझ्या माहेरी नवा टेलिफोन आला, तेव्हा रिंग वाजल्याबरोबर ही बया उठून गॅलरीत जाऊन उभी राहिली. "आई, तो काय चावतोय का?" मी विचारलं. तर म्हणाली, "कोन मेलंबिलं असंल तर? मना नको आयकवू."

तिचं नाव तुळसाबाई. माझं माहेर भाईंदरला केबिन रोडवर. बाबा पोस्टात, मी टायपिंगच्या क्लासला जाणारी मुलगी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी डोंगरीकडच्या बायका भाजी घेऊन बसायच्या. लाल माठ, मुळा, वाल, काकड्या. त्यातली एक बारीकशी बाई भाव वाढवून सांगायलाही घाबरायची. समोरचा म्हणेल तो भाव. शेजारी बसणारी मनोरमाबाई तिला कोपराने ढोसून म्हणायची, "अगो, फुकट दे ना त्यापेक्षा!" या दोघी एकाच वर्षी लग्न होऊन पाड्यात आल्या होत्या आणि तेव्हापासून एकमेकींशिवाय कुठे गेल्या नव्हत्या. माझी आई त्या बारीक बाईकडूनच माठ घ्यायची. घेता घेता बोलणं वाढलं आणि एक दिवस तिच्या मुलाचं, लोकेशचं, स्थळ घरी आलं. तो स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होता. माझ्या मैत्रिणी हसल्या. गावात जाणार, शेण काढणार. मी म्हटलं, काढीन, तुमच्या बापाचं काय जातंय? एक्क्याण्णव साली मी त्या घरात आले.

आमचा पाडा डोंगरीच्या अलीकडे. मागे टेकडी, पुढे खाडी, आणि मध्ये भाताची जमीन. ही जमीन कुणी देवाने दिलेली नाही. खाडीच्या पोटातून काढलेली आहे. कधीकाळी पाड्यातल्या माणसांनी चिखलाचा लांबच लांब बांध घातला, खारं पाणी बाहेर ठेवलं, आतला खार पावसाने धुऊन निघाला, आणि मग तिथे लाल राता भात व्हायला लागला. भात काढलं की टेकडीच्या बाजूच्या चढावर, विहिरीच्या पाण्यावर भाजी. भात घरात खायचं, भाजी केबिन रोडला विकायची. पोरांच्या फिया, औषधं, लग्नं, सगळं त्या टोपल्यांतून निघायचं. आणि हे सगळं टिकलं होतं त्या बांधावर. दर वैशाखात प्रत्येक घरातलं एक माणूस फावडं घेऊन बांधावर जायचं आणि खेकड्यांनी पोखरलेली बिळं बुजवून वर नवा चिखल थापायचं.

बांधाच्या मध्यावर एक दगडी तोंड होतं, माणूस वाकून आत शिरेल एवढं. त्याला म्हणतात उघाडी. ओहोटीला ती उघडायची, म्हणजे शेतातलं पावसाचं जास्तीचं पाणी खाडीत जातं. भरती यायच्या आधी खाडीच्या बाजूच्या खाचांत सागाची जाड फळी वरून सोडायची, म्हणजे खाडी आत येत नाही. हे काम रोजचं, आणि भरतीची वेळ रोज पुढे सरकते, त्यामुळे या कामाला ना सुट्टी ना रविवार. ते आमच्या घराकडे होतं. सासरे, श्रीपती, करायचे. ते वारल्यावर लोकेशला कारखान्यातून वेळ होईना, म्हणून फळी सासूच्या डोक्यावर आली. अक्षरशः डोक्यावर. लाकूड चोरीला जायला लागलं होतं, म्हणून ती फळी डोक्यावर घेऊन घरी यायची आणि डोक्यावर घेऊनच परत जायची. फोनच्या रिंगला घाबरणारी बाई, पण या कामात एकदाही चुकली नाही. चुकायचीच तिला भीती. "खार आत आला म्हंजे तीन वर्सं शेत मेलं," हे ती मला इतक्यांदा सांगायची की मी कानात बोटं घालायचे.

आता तिकडे नव्वदीत काय चाललं होतं ते भाईंदरच्या माणसाला सांगायला नको. रोज एक बिल्डिंग. आमच्या पाड्याकडेही पांढरे कपडे घातलेले लोक यायला लागले, हात लांब करून करून एकमेकांना काहीतरी दाखवायला लागले. एका घराने जमीन दिली. मग दुसऱ्याने. देणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, ज्याच्या त्याच्या घरातलं ज्याला त्याला ठाऊक. पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नव्हती. ज्याने जमीन विकली तो वैशाखात बांधावर येईना. का येईल? त्याचं आत काय उरलंय? बांध तेवढाच लांब आणि फावडी कमी. माझी सासू मात्र बांधावरून चालताना दर पावलाला पायाखाली बघायची आणि घरी येऊन सांगायची की अमक्या ठिकाणी माती मऊ लागली, तमक्या ठिकाणी बीळ मोठं झालं. ऐकून ऐकून मलाही जेवण जाईना.

विकायला जे तयार नव्हते त्यांच्यासाठी जमिनी घेणाऱ्या शेठने एक माणूस ठेवला. तोही आमच्याच पाड्यातला. काशीनाथ. मनोरमाबाईचा मुलगा.

काशीनाथ वाईट होता असं मला आजही म्हणवत नाही. लहानपणी माझ्या नवऱ्याबरोबर त्याच बांधावर चिंबोऱ्या पकडलेला पोरगा. वडील लवकर गेले, धंदे केले ते बुडाले, आणि मग हा शेठच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर दिसायला लागला. एके दुपारी आमच्या ओटीवर आला. मी चहा ठेवला. पाया पडला, तब्येत विचारली, आणि एकदम गोड आवाजात म्हणाला, "काकी, एका उधाणाला फळी टाकू नकोस. बस. एकदाच. तू इसरलीस असं बोल. वय झालंय, कोन काय बोलंल?"

मीच आतून ओरडले, "वेड लागलंय का तुला? तुझ्या आईचं शेत नाही का आत?"

"वहिनी, खार शिरला की जमीन पडीक. पडीक झाली की लोक आपोआप सही करतात. आईलापन चार पैसे भेटतील. कष्ट सुटतील तिचं." मग त्याने कप खाली ठेवला आणि सासूकडे न बघता म्हणाला, "लोकेश संध्याकाळी सायकलवरून येतो ना, फाटकाच्या पुढं? रस्ता लय सुनसान हाय, काकी. मी नाय काय करनार. पन ते लोक माजं आयकत न्हाईत."

तो गेल्यावर सासू ओटीवर तशीच बसून राहिली. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले होते. माझंही तोंडचं पाणी पळालं होतं, पण मला भीती वाटली की राग येतो. मी म्हटलं, लोकेशला सांगू, पोलिसात जाऊ, पाड्यात बोंब मारू. तिने माझा हात असा धरला की वळ उठले. "लोकेशला सांगशील तर तो त्यांच्या अंगावर जाईल," ती म्हणाली. "मंग माजा पोर मना दिसनार न्हाय." आणि तिने मला देवाची शपथ घातली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती वळणावरच्या चिंचेखाली जाऊन उभी राहायची. घंटी वाजली, लोकेशची सायकल दिसली, की घाईघाईने त्याच्या आधी घरी येऊन भाकऱ्या थापायला बसायची, जणू कुठे गेलीच नव्हती. एकदा त्याला उशीर झाला. पंक्चर. तेवढ्या वेळात घरी येऊन येऊन तिने मला किती वेळा विचारलं असेल, "आला का गो? वाजली का घंटी?" मी तिच्यावर खेकसले आणि मग मीसुद्धा चिंचेखाली जाऊन उभी राहिले. फळी मात्र ती टाकत होती. घाबरत घाबरत, मागे वळून बघत, पण टाकत होती.

चौऱ्याण्णवच्या भाद्रपदात आमचे चुलत सासरे सदूभाऊ वारले. बरेच दिवस आजारी होते, सुटले बिचारे. पण सुतक आलं. आणि आमच्याकडे उघाडीचा नियम कडक. उघाडीवर शेंदूर फासलेला एक दगड आहे, त्याला आम्ही खारदेव म्हणतो. सुतकात असलेल्या घराने फळीला हात लावायचा नाही, नाहीतर देव खाडीला आत बोलावतो. सुतक पडलं की फळी दुसऱ्या भावकीच्या घरी द्यायची, फिटलं की परत आणायची. पूर्वी पाड्यात चार भावक्या होत्या, कुणी ना कुणी मोकळं असायचंच. आता जमिनी राखून उरलेली जवळजवळ सगळी घरं आमच्याच भावकीची, म्हणजे सगळी सुतकात. दुसऱ्या भावकीचं, अजून शेत असलेलं घर उरलं होतं एकच. मनोरमाबाईचं.

मी सासूपुढे हात जोडले. "आई, तिथे काशीनाथ आहे! फळी त्याच्या हातात देणार तुम्ही?"

"मनोरमा हाय ना घरात."

"मनोरमाकाकी दिवसभर बाजारात असतात! फळी तोच टाकणार!"

"देवाचा नियम हाय," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघेना. मला तेव्हाच कळलं. देवाची भीती होतीच, ती खोटी नव्हती. पण त्या भीतीआड दुसरी भीती लपली होती. फळी आपल्या घरातून गेली की लोकेशच्या वाटेला कुणी जाणार नाही, हे तिच्या मनात होतं. मनोरमाबाईला हाक मारली, तिने येऊन अंगणातून फळी उचलली, आणि माझ्या सासूने एवढा मोठा सुस्कारा सोडला की मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

दोन-तीन दिवस काही झालं नाही. काशीनाथ वेळेवर फळी टाकत होता. सासू लांबून बघून यायची आणि म्हणायची, "बघ, तू उगाच बोलतेस त्याला." मग आली सर्वपित्री अमावास्या. अमावास्येला भरती भर दुपारी असते आणि त्या महिन्यातली उधाणं वर्षातली सगळ्यात मोठी. शेतात गरवं भात निसवलेलं होतं, लोंब्यांत नुकतं दूध भरत होतं. सुतकामुळे आमच्या घरी पित्रं नव्हती, गोडधोड नव्हतं. लोकेश कामावर. मी मागच्या दारी भांडी घासत होते, सासू शेताच्या कडेच्या पाटाशी हातपाय धुवायला गेली.

तिकडून तिची किंकाळी आली नाही. नुसता आवाज आला, घशात काहीतरी अडकल्यासारखा. मी धावले. ती पाटाच्या कडेला खाली बसली होती आणि बोट दाखवत होती. पाटात एक पिवळं पान तरंगत होतं. ते खाडीकडे जायला हवं होतं. ते आमच्या घराकडे येत होतं.

पाणी उलटं वाहत होतं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

"फळी न्हाय टाकली," सासू म्हणाली. "रुचिता, फळी न्हाय टाकली त्यानं." तिचे ओठ पांढरे पडले होते. मी मंदाला हाक मारली, ती सदूभाऊंची सून, आमच्या शेजारची. खताची रिकामी पोती होती तेवढी उचलली आणि तिघी बांधावर पळालो. सासू मध्येच थांबायची, माझा पदर ओढायची, "नको गो, सुतक हाय, नको जाऊ," आणि परत धावायला लागायची. रस्त्यावर, लांब, पांढरी जीप उभी होती. आत माणसं होती. ती उतरली नाहीत, ओरडली नाहीत, नुसती बसून आमच्याकडे बघत होती. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

उघाडी सताड उघडी. खाडी चढलेली, आणि त्या दगडी तोंडातून पाणी असं आत घुसत होतं की त्याचा आवाज छातीत वाजत होता. आम्ही पोत्यांत चिखल भरून ती शेताच्या बाजूने तोंडात कोंबली. पहिलं पोतं पाण्याने फेकून दिलं. दुसरंही. मंदा रडायला लागली. तिसऱ्याच्या वेळी काय झालं ते मला नीट कळलंच नाही. मी वळून बघितलं तर माझी सासू उघाडीच्या आत उतरली होती. समोरच्या दगडाला दोन्ही पाय लावले होते, पाठ पोत्याला, आणि ओरडत होती, "टाक! माज्या डोक्यावरनं टाक! आनखी टाक!"

आम्ही टाकत गेलो. तिच्या पाठीमागे पोती रचली गेली. पाणी फटींतून पिचकाऱ्या मारत होतं, पण लोंढा थांबला. आणि ती ते सगळं पाठीने धरून बसली होती. सुतकात. खारदेवाच्या अगदी पायाशी. सारखं एकच बोलत होती, "मना भ्या वाटतं. गो बाय, मना लय भ्या वाटतं." मी म्हटलं, "मग या ना वर!" तर म्हणाली, "उठली तर समदं जाईल." बाजूच्या बांधाची माती ढेकळं ढेकळं होऊन सुटत होती. अजून भरती पुरी झाली नव्हती. बांध बसला असता तर तो हिच्याच अंगावर बसला असता. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मंदाला तिथे सोडून मी मनोरमाबाईच्या घरी सुटले. अमावास्येचा दिवस म्हणून ती बाजारात गेली नव्हती. दारात सुपात काहीतरी पाखडत होती. मी धापा टाकत सांगितलं. ती म्हणाली, "येडी का खुळी तू? काशीनाथ मगाशीच टाकून आला. मना सांगून गेला." आणि ते बोलता बोलता तिची नजर माझ्या ओल्या, चिखलाने भरलेल्या साडीवर गेली. ती उठली. आत गेली. भाताच्या कणगीमागे हात घातला. गोणपाटात गुंडाळलेली फळी तिथे होती.

काशीनाथ कुठून आला कुणास ठाऊक, दारातच उभा राहिला. अनवाणी. धावत आला असणार. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मला वाटलं होतं तो दमदाटी करेल. तो घाबरला होता, माझ्या सासूइतकाच.

"आई, तिला हात लावू नको," तो म्हणाला. "मी शब्द दिलाय. ते लोक मना सोडनार न्हाईत. आई, तुज्या पाया पडतो."

मनोरमाबाईने त्याच्याकडे बघितलं. गोणपाट सोडलं, फळीला हात घातला. मी मदतीला पुढे झाले तर माझ्यावर कडाडली, "सुतकातली हायस तू! हात नको लावू!" आणि त्या म्हातारीने ती फळी एकटीने डोक्यावर घेतली. काशीनाथ दारात आडवा होता. ती थेट त्याच्या अंगावर चालत गेली. तो बाजूला झाला. मी तिच्या शेजारून धावत होते, हात रिकामे. मागे काशीनाथ रडत होता, लहान मुलासारखा मोठ्याने. ती एकदाही मागे वळली नाही.

बांधावर आली, खाचा बघितल्या आणि वरून फळी सोडली. ती अर्ध्यावर अडकली. मनोरमाबाई तिच्यावर चढून उभी राहिली आणि पायाने ठोकत ठोकत तिने ती खाली बसवली. आवाज थांबला. इतका एकदम थांबला की मला माझेच श्वास ऐकू यायला लागले. आत पोत्यांना टेकून माझी सासू तशीच बसली होती. तिचे पाय दगडावरून निघेनात. मी आणि मंदाने धरून तिला वर ओढली, तेव्हा तिने पहिल्यांदा खारदेवापुढे नाक घासलं आणि मग मनोरमाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. मनोरमाबाईचं लक्षच नव्हतं. ती रस्त्याकडे बघत होती.

काशीनाथ जीपजवळ उभा होता. आतल्या कुणीतरी बोटाने खूण केली. तो मागच्या बाजूने आत चढला. जीप वळली आणि भाईंदरच्या दिशेने गेली.

त्या संध्याकाळी लोकेशच्या सायकलची घंटी वाजली. काशीनाथ घरी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोकेशला सगळं सांगावंच लागलं. तो आमच्या दोघींवर इतका भडकला की दोन दिवस जेवला नाही, आणि मग पाड्यातल्या पुरुषांना घेऊन वसईपर्यंत शोधून आला. मनोरमाबाईला पोलीस चौकीवर कोण नेणार म्हणून खोळंबा झाला, तर माझी सासू उठली. खाकीला घाबरणारी. चौकीत बाकड्यावर मनोरमाबाईचा हात धरून बसली होती आणि तिचा स्वतःचाच हात एवढा कापत होता की हवालदाराला वाटलं मुलगा हिचाच हरवलाय. त्याने सगळं लिहून घेतलं, बघतो म्हणाला. कुणी सांगायचं काशीनाथ वापीला दिसला, कुणी सांगायचं सुरतला. शेठची जीप आमच्याकडे यायची बंद झाली. त्याने तर आणखीच भीती वाटायची.

उघाडीजवळच्या पट्ट्यातलं भात करपलं. बाकीचं वाचलं. पाऊस अजून थोडा शिल्लक होता, त्याने खार धुतला. दिवाळीनंतर कापणी झाली, झोडणी झाली. आणि मग उघाडीचं भात काढायची वेळ आली. प्रत्येक घर फळी सांभाळणाऱ्याला नव्या भाताचा वाटा देतं, ती आमच्याकडची रीत. लोक टोपल्या घेऊन आमच्या अंगणात आले. सासूने सगळं एका मोठ्या टोपलीत ओतलं आणि मला म्हणाली, "उचल. मनोरमाकडं जायचंय."

मनोरमाबाई बाजारात यायची बंद झाली होती. कुणाशी बोलत नव्हती. माझी सासू रोज तिच्या ओटीवर जाऊन बसायची आणि न बोलता परत यायची. त्या दिवशी आम्ही टोपली तिच्या पुढ्यात ठेवली.

"तुळसा," ती म्हणाली, "एक इचारू?"

सासूने मान हलवली.

"तुज्या पोरानं फळी लपवली असती, आन तो असा पाया पडला असता, तर तू आनली असतीस?"

मी मध्ये पडणार होते. हो म्हणा, आई, मी मनात म्हणत होते, हो म्हणा, त्या बिचारीला तेवढं तरी द्या. तिने काहीतरी चांगलं केलं, कुणीही आईने तेच केलं असतं, असं काहीतरी बोला. माझ्या सासूची नजर खाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"न्हाय," ती म्हणाली. "न्हाय आनली असती, बाय. मी शेत बुडू दिलं असतं."

मला वाटलं, आता ही टोपली अंगावर फेकणार. मनोरमाबाईने तोंडावर पदर घेतला आणि काशीनाथ गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली. आवाज करून, छाती पिटून, ओटीवर लोळून रडली. सासू तिच्या शेजारी सरकून बसली. बऱ्याच वेळाने मनोरमाबाई उठली, डोळे पुसले आणि सुपात थोडं भात काढून घेतलं.

"रुचिता, उखळ दे इकडं," ती म्हणाली. "थोडं कांडते. पेज टाकू."